घरच्या शेडमध्ये पिलर ड्रिल जोडायचंय, सुरुवात कुठनं करू?

वडगावचा_रंधा

नमस्कार मंडळी. वडगावात आमच्या परड्यात पत्र्याची शेड हाय, तिथं मी सुट्टीच्या दिवशी लाकडाची कामं करतोय, स्टूल, कपाटं, देव्हारे असं, आणि अधनंमधनं लोखंडाच्या पट्ट्यांना भोकं पाडायची वेळ येते. हँड ड्रिलनं भोक कधी सरळ जात नाही म्हणून शेवटी १३ एमएमपर्यंतचा बिट धरणारं, बेंचवर ठेवायचं पिलर ड्रिल (बेंच ड्रिल) घेतलं, अर्धा एचपी, सिंगल फेज. ट्रान्सपोर्टनं आलं ते सगळं सुट्टं, बेस वेगळा, पिलरचा पाइप वेगळा, टेबल, वरचं डोकं, मोटर, बेल्ट, चक (बिट धरणारं तोंड), आणि सगळ्याला चिकट ग्रीस थापलेलं. सोबतच्या कागदावरची चित्रं इतकी बारीक हायत की कुठला बोल्ट कुठं ते कळेना.

मला विचारायचं ते असं की डोकं एकट्यानं चढवता येतंय का, लई जड लागलं हाताला. चक नुसता ठोकून बसवायचा का? आणि बेंचला बोल्ट मारलंच पाहिजे का, कारण शेड लहान हाय, काम झालं की मशीन सरकवून कडेला ठेवायचा विचार होता. लाईट म्हणाल तर घरातनंच एक वायर ओढून बोर्ड केलाय, दोन पिनचा. आई तिथंच पावसाळ्यात कपडे वाळत घालते, मुलगी सहा वर्षांची, ती पण येते-जाते. त्यामुळं घाई करायची नाही, नीट विचारून करावं म्हटलं.

उद्यमबाग_फिटर

घाई नाही म्हणालात ते चांगलं केलंत. आधी बोल्टचं सांगतो कारण बाकी सगळं त्याच्यावर हाय. बेंच ड्रिलचं सगळं वजन वर असतंय ओ, डोकं आणि मोटर दोन्ही वर, त्यात मोटर मागं लटकलेली. बेस मोकळा ठेवला आणि ड्रिल जॉबमध्ये, म्हणजे भोक पाडायच्या वस्तूत, अडकलं की मशीन फिरायला बघतंय, नाहीतर हँडल जोरात खाली ओढताना पुढं कलतंय. तेव्हा सरकवायचं डोक्यातनं काढा. लई वाटलंच तर जाड प्लायच्या मोठ्या फळीवर बेस बोल्टनं पक्का करा आणि ती फळी बेंचला दोन जी-क्लँपनं धरा, पण क्लँप लावल्याशिवाय प्लग घालायचा नाही. मी तर म्हणतो एक कोपरा त्यालाच द्या. बेसला भोकं दिलेलीच असतात, त्यात बसतील ते १० नाहीतर १२ एमएमचे बोल्ट, खालनं मोठे वॉशर आणि स्प्रिंग वॉशर. लाकडी स्क्रू चालणार नाहीत, ते हादऱ्यानं सैल होत जातात.

आता जोडायचं. पहिल्यांदा ते ग्रीस काढा, रॉकेल किंवा डिझेलनं पुसून काढा, दार उघडं ठेवा आणि जवळपास विडी-काडी नको. ग्रीस काढताना सगळे पार्ट हाताखालनं जातात, कास्टिंगला, म्हणजे बिडाच्या ओतीव भागाला, कुठं तडा हाय का, कुठं कड फुटलीय का ते तेव्हाच दिसतंय. पत्र्याच्या कडांना हात सांभाळून. मग बेस बेंचवर पक्का करा, त्यावर पिलरचा फ्लँज, म्हणजे बोल्टची भोकं असलेला खालचा पाया. हे तीन-चार बोल्ट सगळे आधी हातानं लावा, मग थोडंथोडं करत समोरासमोरचे आवळत जा, एकच पूर्ण आवळून दुसऱ्याकडं जायचं नाही, नाहीतर पिलर एका अंगाला ओढला जातोय.

मग टेबलाचा ब्रॅकेट. त्यात हँडलनं फिरणारा गिअर असतोय आणि दातांची पट्टी, म्हणजे रॅक. रॅक आधी ब्रॅकेटमध्ये गिअरला लावून धरायचा आणि दोन्ही मिळून पिलरवर वरनं सोडायचे, रॅकचं खालचं टोक फ्लँजच्या खाचेत बसतंय. वरनं रॅकचं वरचं टोक धरणारी रिंग. रिंग रॅकवर दाबून आवळू नका, टेबल डावी-उजवीकडं फिरवताना रॅक पण पिलरभोवती फिरला पाहिजे. रिंगचा स्क्रू हलक्या हातानंच, त्यानं पिलरला खड्डा पडतोय.

डोकं एकट्यानं अजिबात नाही. खोक्यावर वजन लिहिलेलं असतंय ते बघा, पण मुद्दा वजनाचा एकटा नाही, ते छातीच्या वर उचलून पाइपावर बरोबर उतरवायचं असतंय, आणि बोटं नेमकी पाइप आणि कास्टिंगच्या मधे येतात. मोटर आधी लावू नका, मोटरशिवाय डोकं चढवा, तेवढंच हलकं. दोघांनी दोन बाजूनं धरायचं, तिसरा माणूस असला तर त्यानं नुसतं बघून सांगायचं, डावीकडं, थोडं मागं, आता सोडा. स्टुलावर उभं राहून उचलायचं नाही. आमच्याकडं काहीजण घराच्या वाशाला चेनब्लॉक अडकवून डोकं उचलतात, ते करू नका, वासा छपराचं वजन घ्यायला असतोय, लटकणारं मशीन घ्यायला नाही. डोकं पूर्ण खाली बसलं की स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) बेसच्या बरोबर मधे येईल असं फिरवा आणि बाजूचे दोन ॲलन स्क्रू घट्ट आवळा. हे दोन स्क्रू विसरले तर ड्रिलिंगच्या झटक्यानं डोकं पिलरवर फिरतंय.

एक गोष्ट राहिली. डोक्याच्या एका अंगाला गोल टोपी दिसेल, हँडलच्या उलट बाजूला. तिच्या आत घड्याळासारखी गुंडाळलेली स्प्रिंग असते, हँडल आपोआप वर येतं ते तिच्यामुळं. ती ताणातच असते, टोपी उघडली तर सुटून हाताला लागती. जोडताना तिला हात लावायची गरजच नाही.

निपाणीकर_५२

वर सगळं बरोबर हाय. मी भर घालतो. बेंचची उंची अशी ठेवा की टेबलावरचा जॉब तुमच्या कोपराच्या आसपास येईल, नाहीतर वाकून बघायला लागतंय आणि तोंड ड्रिलजवळ जातंय. आणि दादा हातमोजे घ्या बरं का, लोखंडाला भोक पाडताना कीस एवढा धारदार निघतोय की हात कापतोय, मी जाड कापडी मोजे घालूनच करतो.

हिंडलग्याची_ताई

दादा, बाकी तुमचं पटलं पण मोजे नको. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडच्या पोरांना शिकवते, आमच्यात ड्रिल मशीनवर मोजे घातलेला पोरगा दिसला की आधी मशीन बंद करायला लावते. मी शिकाऊ असताना एका शॉपमध्ये एक हेल्पर बारकं ६ एमएमचं ड्रिल लावून पट्टी धरून भोक पाडत होता, हातात सुती मोजा. मोज्याच्या बोटाचा एक दोरा सुटला होता, तो ड्रिलला लागला आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत मोजा गुंडाळत गेला, बोट आत. मी समोरच उभी होते. मोकळं बोट ड्रिलला लागलं तर कापतंय, पण मोजा लागला तर मशीन पूर्ण हातच ओढून घेतंय, आणि अर्धा एचपीची मोटर माणसाच्या ताकदीनं थांबत नाही.

किसासाठी ब्रश ठेवा. मशीन थांबवायचं, चक पूर्ण थांबू द्यायचा, मग ब्रशनं झाडायचं. फुंकर पण नको, डोळ्यात जातंय. लांब दोऱ्यासारखा कीस यायला लागला तर मधेच हँडल थोडं वर घ्यायचं म्हणजे तो तुटतो. मोजे कधी घालायचे तर मशीन बंद असताना, जड जॉब किंवा धारेचा पत्रा उचलताना.

शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर, ओढणी, पदर, गळ्यातली माळ, हातातली अंगठी, बांगड्या, मनगटाला बांधलेला धागा सुद्धा, हे सगळं काढून नाहीतर आत खोचून. केस बांधून. चष्मा असला तरी वरनं सेफ्टी गॉगल, साध्या चष्म्याच्या बाजूनं कीस आत येतो. आणि वडगावच्या दादा, त्या शेडमधली कपड्यांची दोरी आधी काढा, वाऱ्यानं साडीचं टोक चकाकडं गेलं तर काय होईल. आईंना समजावून सांगा, ऐकतील. मुलीसाठी मशीनभोवती पांढऱ्या पेंटनं पट्टा मारा, आत पाय नाही म्हणून सांगा, आणि काम संपलं की प्लग काढून ठेवायचा.

निपाणीकर_५२

ताई पटलं, मोज्याचं माझं मागं घेतो. वाचणाऱ्यांनी ताईंचंच धरा.

अनगोळ_वायरमन

दोन पिनचा बोर्ड वाचून थांबलो. दादा, मशीन जोडायला हरकत नाही पण त्या बोर्डावर ते चालू करू नका. अख्खं मशीन बिडाचं, मोटरमध्ये कुठं वायर घासली की अंगाला करंट, आणि तुम्ही दोन्ही हातानं ते धरलेलं, शेडची जमीन पावसात ओलसर. आपल्याकडं जून ते सप्टेंबर किती ओल असते सांगायला नको, खानापूरकडं तर भिंतीच पाझरतात.

घरच्या मेन बोर्डातनं शेडला वेगळी लाईन घ्या, २.५ स्क्वेअर एमएमची कॉपर वायर, तीन धागे म्हणजे फेज, न्यूट्रल, अर्थ. वायर पाइपातनं न्या, पत्र्याच्या कडेला घासती ठेवू नका. शेडमध्ये छोटा डीबी (वीज वाटपाचा डबा), त्यात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, आणि १० अँपिअरचा सी कर्व्हचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट ओढला की पडणारा स्विच. अर्धा एचपीला चालू करंट ४-५ अँपिअरच्या आसपास असतो पण स्टार्ट होताना त्याच्या कितीतरी पट ओढते, म्हणून सुरुवातीचा झटका सोसणारा सी कर्व्ह, बी कर्व्ह लावलात तर विनाकारण पडू शकतो. प्लग १६ अँपिअरचा तीन पिनचा.

अर्थ खरोखर येते का ते बघितल्याशिवाय धरू नका. जुन्या घरात तिसरं भोक असतंय आणि मागं वायरच नसते. मल्टिमीटरनं फेज-न्यूट्रल बघा, २३० व्होल्टच्या आसपास, मग फेज-अर्थ, ते पण जवळपास तेवढंच आलं पाहिजे. कमी आलं किंवा हेलकावे खायला लागलं तर अर्थ नाही म्हणून समजा आणि अर्थिंगचा खड्डा करून घ्या. नुसत्या नळाच्या पाइपला वायर गुंडाळून अर्थ होत नाही, आता मधे कुठं ना कुठं प्लास्टिकचा पाइप असतोच. मशीन जोडून झाल्यावर प्लग सॉकेटबाहेर असताना प्लगच्या अर्थ पिनपासून टेबलापर्यंत आणि पिलरपर्यंत कंटिन्युइटी (वायरचा सलग जोड) बघा, रंगावर टोक लावू नका, खरवडलेल्या जागी लावा. हे सगळं परवानाधारक माणसाकडनं करून घ्या, मी इथं सांगितलं ते त्यानं नीट केलं का हे तुम्हाला कळावं म्हणून.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पावसात लाईट जाते-येते. तुम्ही भोक पाडताय, लाईट गेली, तुम्ही चकची चावी लावून ड्रिल बदलायला लागला, आणि लाईट आली. मशीनला साधं खटक्याचं बटण असलं तर ते चालूच राहिलेलं असतंय, लाईट आली की चक फिरणार, चावीसकट. म्हणून सिंगल फेजचा डीओएल स्टार्टर लावा, हिरवं-लाल बटणाचा, २३० व्होल्टची कॉइल. लाईट गेली की त्याचा काँटॅक्टर (आतला आपोआप सुटणारा स्विच) सुटतो, परत आली तरी हिरवं दाबेपर्यंत मशीन सुरू होत नाही. वर मोटरवर जास्त भार आला की ती बंद करणारा ओव्हरलोड रिले पण मिळतो. लाल बटण असं लावा की डोकं खाली असताना सुद्धा डाव्या हातानं न बघता लागेल. ड्रिल बदलायचं म्हटलं की मात्र स्टार्टर असला तरी प्लग काढायचाच.

वडगावचा_रंधा

सगळ्यांचे लई आभार. डोकं मी आणि भावानं मिळून मोटरशिवाय चढवलं, फिटर दादांनी सांगितलं तसं शेजारच्या काकांनी नुसतं बघायचं काम केलं, त्यामुळं बोटं वाचली. बेस चार बोल्टांनी पक्का केला. दोरी काढली, आई आधी बोलली पण साडीचं सांगितल्यावर स्वतःच काढायला लागली. वायरमन बोलावलाय, तोपर्यंत प्लगला हातसुद्धा लावत नाही.

आता चक आणि बेल्ट राहिला. चकच्या मागं निमुळता दांडा हाय, टोकाला चपटी जीभ. तो आपोआप बसेल का ठोकायचा? आणि स्पीडचं एक चित्र हाय झाकणाच्या आत, पुलीच्या पायऱ्यांचं, कुठली पायरी कशाला घ्यायची?

उद्यमबाग_फिटर

तो मोर्स टेपर (ठरलेल्या मापाचा निमुळता दांडा) हाय, त्याचं पकडणं निव्वळ घर्षणावर असतंय, म्हणून दांडा आणि स्पिंडलचं आतलं भोक दोन्ही एकदम कोरडं पाहिजे. रॉकेलनं पुसलेलं असलं तरी त्याची तेलकट फिल्म राहते, शेवटचं पुसणं थिनरनं करा, स्वच्छ पांढऱ्या फडक्यानं, फडक्यावर काळं यायचं थांबेपर्यंत. आत बोट घालून केसाएवढा कण नाही ना बघा. चकचे तिन्ही जबडे पूर्ण आत घ्या म्हणजे तोंडाला ते बाहेर राहणार नाहीत. दांडा आत सारताना जीभ खाचेत बसती का बघत फिरवा, मग हातानं एक झटका वर. टेबलावर लाकडाचा ठोकळा ठेवा, त्यावर चकचं तोंड टेकवा आणि हँडलनं दाबा. बस्स. हातोडी नको, चकच्या बेअरिंगला मार बसतोय आणि स्पिंडल पण वाकतंय. कधी काढायचा झाला तर स्पिंडलच्या बाजूच्या खाचेत ड्रिफ्ट नावाची पाचर घालून हलकं ठोकतात, खाली फडकं धरा. चक कधी आपोआप निसटला तर समजायचं टेपर तेलकट राहिला. आणि ड्रिल मशीनमध्ये राउटरचा (लाकडात खाचा पाडायच्या मशीनचा) बिट लावून आडवं कापायला जाऊ नका, तो टेपर आडव्या जोराला नाही, चक सुटून फिरत खाली येतो.

मोटर बसवा, पण बेल्ट चढवायच्या आधी एकदा नुसती मोटर फिरवून दिशा बघा, वरनं बघताना मोटरची पुली घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरली पाहिजे, बेल्टनं स्पिंडल पण त्याच दिशेनं फिरतं. उलट आली तर वायरमनला सांगा, आतली स्टार्टिंग वाइंडिंगची टोकं बदलायची असतात, बाहेरची फेज-न्यूट्रल बदलून काही होत नाही. दोन्ही पुल्या एका लेव्हलला हायत का ते सरळ पट्टी लावून बघा, पुलीचा ग्रब स्क्रू (दांड्यावर पुली पक्की धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) आवळा. बेल्ट अंगठ्यानं मधे दाबल्यावर साधारण १० एमएम आत गेला की ताण बरोबर. जास्त ताणला तर बेअरिंग तापतंय. झाकण लावल्याशिवाय चालवायचं नाही.

स्पीड कमी करायचं तर मोटरकडची लहान पायरी आणि स्पिंडलकडची मोठी. एचएसएस (हायस्पीड स्टीलच्या) ड्रिलनं माइल्ड स्टीलला, म्हणजे साध्या लोखंडाला, कटिंग स्पीड मिनिटाला २५ मीटर धरा, त्यावरनं १० एमएमला ८०० आरपीएमच्या जवळ, ५ एमएमला १६००च्या जवळ, १२ एमएमला ६५०. झाकणातल्या चित्रात त्याच्या खालची जी पायरी मिळते ती घ्या, वरची नको. लाकडाला बारीक ड्रिल जोरात चालतंय पण मोठा फोर्स्टनर बिट (लाकडात सपाट तळाचं मोठं भोक पाडणारा) हळूच, ५००-७००ला. तोंडात बसतोय म्हणून मोठा बिट जोरात फिरवायचा नाही. पहिल्यांदा सगळ्यात कमी पायरीवर, चकमध्ये काही न लावता, बाजूला उभं राहून दोन मिनिटं चालवा. खडखड आली, वास आला की लाल बटण.

आणि जॉब हातानं धरायचा नाही, हे मशीन जोडण्याइतकंच महत्त्वाचं. मशीन व्हाइस (जॉब पकडायचा शिकंजा) घ्या, तो पण टेबलाला बोल्टनं अडकवा. लांब पट्टी असली तर तिचं एक टोक पिलरच्या डाव्या अंगाला टेकवा, म्हणजे ड्रिलनं ओढली तर पिलरच अडवेल. भोक आरपार निघायच्या क्षणी ड्रिल जॉबला चावतंय, तिथं हँडल हलकं करा. पातळ पत्र्याला तर खाली लाकूड आणि वरनं पण लाकूड लावून दोन क्लँप.

वडगावचा_रंधा

वायरमन येऊन गेला, अर्थ नव्हतीच, खड्डा केला, स्टार्टर पण लागला. चक बसला, मशीन गार चालतंय. एकच अडचण. भोक काटकोनात येईना. गुण्या लावला तर डावं-उजवं बरोबर, पण पुढं-मागं फरक दिसतोय.

उद्यमबाग_फिटर

प्लग काढा. जाड तार झेड आकारात वाकवून चकमध्ये धरा, टोक टेबलाला जेमतेम लागेल एवढं. चक हातानं फिरवा, चारी बाजूला टोक सारखंच लागलं पाहिजे. डावं-उजवं चुकलं तर टेबलाखालच्या मोठ्या बोल्टनं सुधारतं, पण पुढं-मागं चुकलं तर आधी टेबलाचा लॉक आवळून परत बघा, सैल असताना टेबल पुढं झुकतंच. तरीही असेल तर फ्लँज उघडायला लागेल, खाली काहीतरी अडकलंय. त्यासाठी डोकं परत उतरवायचं, तेही दोघांनीच.

वडगावचा_रंधा

लॉक आवळून पण फरक होताच. डोकं उतरवून फ्लँज काढला, खाली बेसवर पेंटचा सुकलेला थेंब होता, हरभऱ्याच्या डाळीएवढा. कानशीनं घासून सपाट केला, परत जोडलं, आता तार चारीकडं लागते. आणखी एक, टेबल आणि पिलर गंजू नये म्हणून काय लावू? एका रात्रीत तांबूस झालंय.

निपाणीकर_५२

बारीक एमरी पेपरला थोडं तेल घेऊन तांबूस काढा, मग पिलरला पातळ मशीन ऑइलचा हात. टेबलाला मात्र लाकडाचं काम असल्यामुळं तेल नको, डाग पडतात, त्याला मेणाचा पॉलिश घासा आणि वापर नसेल तेव्हा झाकून ठेवा, प्लास्टिकनं नाही, सुती कापडानं, प्लास्टिकखाली घाम धरतोय.

हिंडलग्याची_ताई

ते कापड मशीनच्या जवळ लोंबकळत ठेवू नका, काढल्यावर घडी करून कपाटात. आणि चकची चावी स्टार्टरच्या शेजारी खिळ्याला अडकवा, हिरवं दाबायच्या आधी ती खिळ्यावर दिसली पाहिजे.